ॲनेक्सच्या नावावर परत मिळालेली स्टॅम्प ड्यूटी आता व्याजासकट परत मागतायत

सदाशिव_रेडिंग

मंडळी, नमस्कार. इतकी वर्षं इथं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

जुलै २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ घर घेतलं, ८ लाख ४० हजार पौंडांना. चार बेडरूम आणि बाजूला जुन्या गॅरेजचं केलेलं ॲनेक्स. ॲनेक्स म्हणजे एक खोली, शॉवर-टॉयलेट, कोपऱ्यात सिंक आणि दोन कपाटं. बाहेरून स्वतंत्र दार आहे, आणि आमच्या वॉशिंग मशीनच्या खोलीतूनही आत जाता येतं. घेतलं ते मुळात आईबाबांसाठीच. दोघं उन्हाळ्यात येऊन राहतात, आणि बाबांच्या गुडघ्यांना इथला जिना झेपत नाही.

स्टॅम्प ड्यूटी भरली २९,५०० पौंड. राहतं घर त्याच दिवशी विकलं, म्हणून दुसऱ्या घरावर लागणारे वरचे ३ टक्के लागले नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका कंपनीचं पत्र आलं. 'तुमच्या घराला ॲनेक्स आहे, म्हणजे कायद्यानं तुम्ही दोन घरं घेतलीत, ड्यूटी जास्त भरलीत, आम्ही परत मिळवून देतो, नाही मिळाली तर एक पेनीही घेणार नाही.' आमच्या सॉलिसिटरनं खरेदीच्या वेळी याबद्दल चकार शब्द काढला नव्हता, त्यामुळे उलट त्याचाच राग आला. सह्या केल्या. महिन्याभरात १२,५०० मंजूर झाले. ते कंपनीच्या खात्यात आले, त्यांनी ३० टक्के फी आणि तिच्यावर व्हॅट असे ४,५०० कापून घेतले आणि मला ८,००० पाठवले. बाबांसाठी उतार केला, मागे फरशी घातली, संपले पैसे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये कर खात्याकडून चौकशीचं पत्र. सुरुवातीला कंपनीनं उत्तरं दिली, मग मेल्सना उत्तर येईना, आता फोनही लागत नाही. परवा अंतिम नोटीस आली: दावा अमान्य, १२,५०० व्याजासकट भरा, पटत नसेल तर ३० दिवसांत अपील करा. करारात बघितलं तर फी 'कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही'. म्हणजे हातात पडले ८,००० आणि द्यायचे १२,५०० अधिक व्याज.

लढावं का? कोणाला अनुभव आहे?

उंटावरचा_शहाणा

लढा! सिंक आहे, शॉवर आहे, झोपायला जागा आहे, बाहेरून दार आहे. घर म्हणजे आणखी काय असतं? मुंबईत याच्या निम्म्या जागेत अख्खी कुटुंबं वाढली.

संध्याकाळचा_चहा

मूळ सवलत काय होती ते कोणी सोपं करून सांगेल का? एका घराची दोन घरं झाली तर कर वाढायला हवा. कमी कसा होतो?

कर_आहे_त्याला_डर

मी याच धंद्यात आहे. पण सदाशिव यांची सल्लागार नाही आणि त्यांचे कागद पाहिलेले नाहीत, हे आधी सांगून ठेवते.

चहाबाईंचा प्रश्न रास्त आहे. सवलतीचं नाव मल्टिपल ड्वेलिंग्ज रिलीफ. २०११ मध्ये आणली, ती भाड्यानं देण्यासाठी एकगठ्ठा फ्लॅट घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून. कोणी एका व्यवहारात दहा फ्लॅट घेतले तर एकूण रकमेवर वरच्या टप्प्याचा दर लागायचा, तेवढा जाच कमी व्हावा हा हेतू. हिशोब असा: एकूण किंमत भागिले घरांची संख्या, त्या सरासरीवर कर काढा, त्याला परत घरांच्या संख्येनं गुणा.

सदाशिव यांच्या आकड्यांत: त्या वेळी पहिल्या अडीच लाखांवर शून्य, त्यापुढे सव्वानऊ लाखांपर्यंत ५ टक्के. एक घर धरलं तर ५ लाख ९० हजारांवर ५ टक्के, म्हणजे २९,५००. दोन घरं धरली तर सरासरी ४ लाख २० हजार, त्यावर ८,५००, दुणे १७,०००. फरक १२,५००. शून्याचा टप्पा दोनदा मिळतो, एवढीच जादू. (कर एकूण किमतीच्या १ टक्क्याखाली जाता कामा नये अशी अट होती, पण इथं तिचा संबंध येत नाही.)

हेतू होता फ्लॅट घेणाऱ्या गुंतवणूकदारांचा, आणि रांग लागली आजीच्या खोलीवाल्यांची. शेवटी ६ मार्च २०२४ च्या बजेटमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी ती रद्द केली. १ जून २०२४ पासून इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये ती नाही. ६ मार्चपर्यंत करार एक्स्चेंज झालेले (म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन पक्के झालेले) व्यवहार तेवढे वाचले. स्कॉटलंड आणि वेल्सचे कर वेगळे, नियम वेगळे, त्यात इथं शिरत नाही.

आता उंटावरच्यांचं मुंबईचं उदाहरण. ते उलटंच जातं. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीलाही स्वतःचं दार असतं आणि त्याला स्वतःची कडी असते. शेजारीण कितीही सख्खी असली तरी रात्री कडी लागते. सदाशिव, मला तीन गोष्टी सांगा. ॲनेक्स आणि घर यांच्यामधल्या दाराला कडी-कुलूप होतं का, आणि कुठल्या बाजूनं? ताब्याच्या दिवशी तिथं स्वयंपाक कशावर होत होता? आणि इस्टेट एजंटच्या माहितीपत्रकात त्या जागेला काय म्हटलं होतं?

सदाशिव_रेडिंग

१. मधे दार आहे. लाकडी, साधं. कडी आहे, ॲनेक्सच्या बाजूनं.
२. जुन्या मालकांनी प्लगवर चालणारी दोन बर्नरची शेगडी आणि मायक्रोवेव्ह ठेवला होता.
३. माहितीपत्रक शोधलं. त्यात 'ॲनेक्स होण्याजोगी जागा' असं म्हटलंय. हे तेव्हा लक्षातच आलं नव्हतं.

संत्रानगरी

होण्याजोगी! म्हणजे झालेली नाही. गेली भैंस पानी में.

कर_आहे_त्याला_डर

तो एक शब्द चौकशीत नक्की वर आला असणार. स्वयंपाकाची सोय प्लग काढून नेण्यासारखी असणं हाही कमकुवत मुद्दा. शेगडी हलवता येते एवढ्यानं सगळं बुडतं असं नाही, पण शेगडीसाठी जागा, वायरिंग, धूर बाहेर जायची सोय, यातलं काहीच नसेल तर ते खोलीत ठेवलेलं उपकरण ठरतं, स्वयंपाकघर नाही.

खरं वजन मधल्या दाराला आहे. २०२१ मध्ये अप्पर ट्रायब्युनलचा (कराच्या अपिलांसाठीच्या वरच्या न्यायाधिकरणाचा) एक निकाल आला, तेव्हापासून सगळे तोच धरून चालतात. तिथं घर आणि ॲनेक्स यांच्यामधल्या मार्गिकेला दारच नव्हतं, आणि सवलत नाकारली गेली. ट्रायब्युनलनं म्हटलं की झोपणं, खाणं, अंघोळ या गरजा भागायला हव्यातच, पण पुरेशा खासगीपणानं आणि सुरक्षितपणे भागायला हव्यात. आणि हे तपासायचं ते कोणत्याही राहणाऱ्याच्या दृष्टीनं. नातेवाईकासारख्या एखाद्याच प्रकारच्या माणसाला ती जागा चालेल, एवढं पुरत नाही.

आपली माणसं नेमकी इथंच अडकतात. आपण म्हणतो, 'आईला कुलूप कशाला हवं? उलट दार उघडं असलेलं बरं, रात्री हाक मारली तर ऐकू येते.' घर म्हणून हे शंभर टक्के खरं. पण कायदा विचारतो की उद्या तिथं अनोळखी भाडेकरू ठेवलात तर तो आणि तुम्ही एकमेकांपासून निर्धास्त झोपाल का. जागा जितकी आईबाबांच्या सोयीची, तितका दावा लंगडा.

उंटावरचा_शहाणा

पण कडी तर आहे ना यांच्याकडे? मग अडलं कुठं?

लेस्टरची_लेक

मधेच घुसते, माफ करा. आम्ही याच महिन्यात ऑफर दिलीय, ६ लाख ५० हजार, बागेत वेगळं बांधलेलं एका बेडरूमचं ॲनेक्स आहे. सध्या भाड्याच्या घरात आहोत. पुण्यात सिंहगड रोडला माझ्या नावावर एक फ्लॅट आहे, त्यात दीर राहतात. सासूबाईही थोडे पैसे घालणार आहेत, म्हणून त्यांचंही नाव खरेदीखतावर घालायचं म्हणतोय. सवलत बंद झाली हे कळलं. मग आता ॲनेक्सचा काही फायदा-तोटा उरला का?

कर_आहे_त्याला_डर

लेक, नावं घालायच्या आधी विचारलंत ते बरं झालं. फायदा काही उरलेला नाही, तोटा होऊ शकतो. पण तुमच्याकडे ॲनेक्सपेक्षा मोठा प्रश्न पुण्याचा फ्लॅट आहे.

१ एप्रिल २०२५ पासूनच्या दरांनी ६ लाख ५० हजारांवर साधी ड्यूटी २२,५०० होते. दुसरं घर धरलं गेलं तर संपूर्ण किमतीवर ५ टक्के वर (हे पूर्वी ३ होते, ३१ ऑक्टोबर २०२४ पासून ५). म्हणजे ३२,५०० आणखी. एकूण ५५,०००.

आता 'दुसरं घर' कशाला म्हणतात? जगात कुठंही असलेलं, ४० हजार पौंड किंवा त्याहून जास्त किमतीचं. सिंहगड रोड जगातच येतो. त्यात दीर फुकट राहतात की भाड्यानं, याला काही अर्थ नाही. राहतं घर विकून नवं घेत असाल तर हा अधिभार टळतो, पण तुम्ही भाड्याच्या घरात आहात, विकायला राहतं घरच नाही. नवरा एकट्याच्या नावावर घेईल म्हणाल तर तेही चालत नाही, एकत्र राहणाऱ्या नवरा-बायकोची घरं एकत्र धरतात.

पुण्याचा फ्लॅट नंतर विकून अधिभार परत मिळवावा, असंही मनात येईल. तीन वर्षांत जुनं घर विकलं की परतावा मिळतो हे खरं, पण ते घर या खरेदीआधीच्या तीन वर्षांत कधीतरी तुमचं मुख्य राहतं घर असायला हवं. तुम्ही इकडे येऊन किती वर्षं झाली?

लेस्टरची_लेक

सात. 😐

कर_आहे_त्याला_डर

मग तो रस्ता बंद. खरेदीच्या दिवसाआधी तो फ्लॅट तुमच्या मालकीचा उरला नाही तर गोष्ट वेगळी, पण त्याचे भारतातले कर वेगळे, घाईनं काही करू नका.

सासूबाईंचं नाव मात्र घालूच नका, किंवा घालण्याआधी लेखी सल्ला घ्या. त्या भारतात राहत असतील तर खरेदीदारांपैकी एक जण अनिवासी, म्हणून सगळ्या किमतीवर आणखी २ टक्के, तुमच्या बाबतीत १३,०००. हा अधिभार १ एप्रिल २०२१ पासून आहे.

आणि आता ॲनेक्स. एकाच व्यवहारात दोन स्वतंत्र घरं घेतली असं ठरलं तर तुमचं दुसरीकडे घर असो-नसो, राहतं घर बदलत असा-नसा, अधिभार लागतो. त्यातून नेहमीची सुटका अशी: ॲनेक्स त्याच आवारात किंवा इमारतीत असलं आणि मुख्य घराची किंमत एकूण रकमेच्या किमान दोन-तृतीयांश असली, तर ॲनेक्स दुय्यम ठरतं आणि मोजलं जात नाही. तुमचं एका बेडरूमचं आहे, तिथं बहुधा अडचण येणार नाही. पण किंमत 'योग्य आणि रास्त' वाटणीनं काढायची असते, तेव्हा सर्व्हेअरकडून दोन ओळी लिहून घ्या.

मुद्रांक_मामा

चर्चा वाचतोय. साताऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालयात ३१ वर्षं काढली. आमच्याकडे बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट आहे, २०२१ पासून. तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात बायकोला पासबुक दाखवलं नाही असे लोक तिला हात धरून नोंदणीला आणू लागले. तिकडे सासूबाईंचं नाव घातलं की शुल्क वाढतं हे वाचून करमणूक झाली.

लेस्टरची_लेक

मामा 😂 सासूबाईंना हे कसं सांगायचं तो वेगळा धागा काढावा लागेल. बाकी, डोळे उघडले. आज सॉलिसिटरला फोन करते.

संत्रानगरी

ॲनेक्सवाल्यांनी काउन्सिल टॅक्सचंही (म्हणजे इथल्या घरपट्टीचं) बघून ठेवा राजेहो. आमच्या ॲनेक्सला स्वतंत्र बँड, म्हणजे घरपट्टीचा टप्पा, लागला, म्हणजे एका पत्त्यावर दोन बिलं. वडील ७१ वर्षांचे, कायम आमच्याकडे असतात. ६५ च्या वरचा अवलंबून असलेला नातेवाईक ॲनेक्समध्ये राहत असेल तर त्या भागाचं बिल पूर्ण माफ होतं, हे आम्हाला दोन वर्षं माहीतच नव्हतं. घरचंच दुसरं कोणी राहत असेल तर इंग्लंडमध्ये निम्मं. अर्ज करावा लागतो, आपोआप काही होत नाही.

सदाशिवभाऊ, तुमचा वेगळा बँड आहे का? तो पुरावा म्हणून चालेल ना?

सदाशिव_रेडिंग

नाही, एकच बिल येतं. वीज-गॅसचे मीटरही एकच. पोस्टाचा पत्ता एकच.

कर_आहे_त्याला_डर

वेगळा बँड असता तर थोडी मदत झाली असती, निर्णायक नसता. नसणं मात्र तुमच्या विरुद्धच जातं.

सदाशिव_रेडिंग

दोन दिवस गप्प होतो. एक गोष्ट सांगितली नव्हती, ती सांगून टाकतो.

मधल्या दाराला कडी आहे असं मी म्हटलं. आहे. पण घर घेतलं तेव्हा नव्हती. कंपनीचा एक पोरगा टॅब्लेट घेऊन पाहणीला आला होता. सगळं बघून झाल्यावर दाराशी थांबला आणि म्हणाला, 'इथं आतून बोल्ट असता तर बरं झालं असतं.' असतं, एवढंच. मी संध्याकाळी हार्डवेअरच्या दुकानात गेलो, सहा पौंडांची पितळी कडी आणली, चार स्क्रू मारले. तो दुसऱ्या दिवशी येऊन फोटो काढून गेला. फॉर्मवर 'खरेदीच्या दिवशी होती त्या स्थितीत' असं छापलं होतं, आणि त्याखाली माझी सही आहे.

चौकशीत कर खात्यानं प्रॉपर्टी साइटवरची विक्रीच्या वेळची छायाचित्रं जोडलीत. सतरा नंबरच्या फोटोत ते दार पूर्ण दिसतं. पांढरं, कोरं. कडीच्या जागी रंगसुद्धा खरवडलेला नाही.

उंटावरचा_शहाणा

बरं. मी उंटावरून उतरतो.

कर_आहे_त्याला_डर

इथं लिहिलंत हे सोपं नव्हतं. आता नीट ऐका.

जागा स्वतंत्र घर आहे की नाही, हे व्यवहार पूर्ण झाला त्या दिवशीच्या स्थितीवरून ठरतं. नंतर लावलेली कडी शून्य. उलट ती नुकसान करते, कारण आता प्रश्न फक्त कराचा राहत नाही, दंडाचा होतो. बेफिकिरीनं चूक झाली असं ठरलं तर कराच्या ३० टक्क्यांपर्यंत. तुमच्या बाबतीत ३,७५०, म्हणजे व्हॅट सोडून कंपनीनं घेतलेली फी जेवढी, तेवढेच. जाणूनबुजून केलं असं ठरलं तर ७० टक्क्यांपर्यंत, वर ते लपवलं असं ठरलं तर १०० पर्यंत. 'कंपनीनं सांगितलं' हे कारण फार चालत नाही. दावा तुमच्या नावावर, सही तुमची, देणं तुमचं.

तेव्हा अपिलात ती कडी पुरावा म्हणून चुकूनही पुढे करू नका. उलट अधिकाऱ्याला स्वतःहून लिहा: कडी कधी लावली, कोणाच्या सांगण्यावरून, का. ते विचारायच्या आधी सांगितलंत आणि सहकार्य केलंत तर दंड कमी होतो, बेफिकिरीचा दंड काही अटींवर स्थगितही ठेवतात. हे पत्र मात्र कर सल्लागाराकडून तपासून घ्या, तासाभराची फी गेली तरी चालेल. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते मागता येतात. पण व्याज थांबत नाही, आणि ६ एप्रिल २०२५ पासून ते बँक ऑफ इंग्लंडच्या दरापेक्षा ४ टक्के वर आहे, पूर्वी अडीच होतं. त्यामुळे घरातून, मित्रांकडून, जमेल तसं लवकर भरा.

कंपनीविरुद्ध तक्रार वेगळी करा. तो पोरगा काय म्हणाला त्याचा काही मेल, मेसेज आहे?

सदाशिव_रेडिंग

नाही. तोंडीच. आणि खरं सांगायचं तर तो 'लाव' असं म्हणालाच नाही.

मुद्रांक_मामा

असे लोक 'लाव' कधीच म्हणत नाहीत. आमच्या कार्यालयाबाहेरचे एजंटही 'असतं तर बरं झालं असतं' एवढंच म्हणायचे.

सदाशिव_रेडिंग

अपडेट देतो, बऱ्याच जणांनी व्यनि (खासगी निरोप) केलेत.

अपील केलं नाही. एका सल्लागाराकडून पत्र तपासून पाठवलं, सगळं लिहिलं. मूळ रक्कम भरली, त्यातले पाच हजार मेव्हण्याकडून घेतले. व्याजाचा हिशोब त्यांच्याकडून येईल. दंडाबद्दल अजून काही आलेलं नाही.

कडी काढणार होतो. आई म्हणाली राहू दे. तिनं तिला कापडी पिशवी अडकवलीय, कढीपत्त्याची. दार पूर्ण लागू नये म्हणून खाली बाबांची जुनी चप्पल असते.

नवा_भिडू_क्रॉयडन

नमस्कार, शोधता शोधता या धाग्यावर आलो. मलाही कालच असं पत्र आलंय. पण यात ॲनेक्सचं काही नाही. 'घर घेताना किचन आणि वायरिंग खराब होतं, म्हणजे राहण्यालायक नव्हतं, म्हणून निवासी दर लागत नाही, फरक परत मिळवून देऊ' असं म्हटलंय. घर २०२३ मध्येच घेतलं. किचन खरंच भंगार होतं. हे वेगळं आहे ना?

कर_आहे_त्याला_डर

फक्त दार वेगळं आहे. ॲनेक्सची खिडकी बंद झाली म्हणून तीच दुकानं आता हा माल विकतात. दुरुस्ती लागणारं घर हे घरच राहतं, कोर्ट ऑफ अपीलनंही २०२५ मध्ये हेच म्हटलंय. छत कोसळलेलं, पाया खचलेला अशी अवस्था असेल तर बोलू. भंगार किचनवर नाही.

सदाशिव_रेडिंग

नवा भिडू, पत्र उलटं करून बघा, फी किती टक्के लिहिलीय आणि दावा फेटाळला गेला तर ती कोणाची. माझ्या करारात ते चौथ्या पानावर, सहीच्या नंतर होतं.